पाकिटातली नाळ

तर मंडळी, या शनिवारचा विषय पालेभाजी. लगेच टॅब बंद करू नका. लहानपणी ताटातली पालेभाजी वरणाखाली लपवणाऱ्यांपैकी मीही एक आहे, तेव्हा माझी सहानुभूती पूर्णपणे तुमच्या बाजूला आहे.

झालं असं, की गेल्या ऑक्टोबरात ऑफिसच्या ग्रुपवर एकाने स्वतःच्या बाल्कनीत उगवलेल्या पाक चोयचा फोटो टाकला. पांढरेशुभ्र देठ, गडद हिरवी पानं, शेजारी मुद्दाम ठेवलेली सोया सॉसची बाटली. खाली पंधरा-वीस बदाम आणि टाळ्या. मी राहतो बोईसरला. ठाण्या-पवईच्या बाल्कनीत असून असून किती ऊन येणार, आमच्याकडे तर उन्हाचंच पीक आहे, असं म्हणत मी त्याच रात्री डहाणू लोकलमध्ये बसल्या बसल्या एक पाकीट मागवलं. (विरारच्या पुढे गाडी रिकामी झाली की माणूस असे निर्णय घेतो.) पाकिटाचं नाव 'ओरिएंटल ग्रीन्स मिक्स'. आत सहा पुड्या: पाक चोय, मिझुना, जांभळी मोहरी, 'चायनीज स्पिनच', 'मलबार स्पिनच' आणि 'वॉटर स्पिनच'. किंमत रुपये ३४९ फक्त. सॅलडला आणि परतून खायला उत्तम, असं वर लिहिलेलं.

पाकीट आलं तेव्हा आई घरी होती. तिने चष्मा लावला आणि पुड्यांवरची चित्रं पत्त्यांसारखी टेबलावर मांडली. पहिल्या तिघांना तिने "हे मुळ्याचं कायतरी दिसतंय" म्हणून बाजूला सारलं. मग म्हणाली, "हा लाल माठ. ही वेलबोंडी." सहाव्या पुडीशी ती जरा थांबली. "आणि ही नाळ आहे रे. नाळीची भाजी. साडेतीनशे रुपये दिलेस?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वेलबोंडी म्हणजे मायाळू, ज्याच्या पानांची भजी करतात ती. आणि नाळ म्हणजे तळ्यात, ओढ्यात, पाण्याच्या कडेला पसरणारी वेल. देठ आतून नळीसारखा पोकळ असतो, म्हणून नाळ. फूल जांभळट पांढरं, भोंग्यासारखं. बंगालीत हिला कलमी म्हणतात आणि संस्कृतात कलंबी. मलेशिया-इंडोनेशियात हीच कांगकुंग. आमच्या आजोळी, म्हणजे माहीमला (मुंबईचं नव्हे, केळवे-माहीमचं, हा खुलासा मी आयुष्यभर करत आलोय), ती विकत घ्यायची गोष्टच नव्हती. वाडीच्या मागे जायचं आणि खुडून आणायची.

पुढचे तीन-चार वीकेंड मी बागकामापेक्षा वाचनातच घालवले. माती कालवण्यापेक्षा ते सोपं असतं.

आधी त्या 'ओरिएंटल' शब्दाचं बघू. पूर्वेकडचं, पण कुणाच्या पूर्वेकडचं? बोईसरच्या पूर्वेला मनोर आहे. हा शब्द बियाण्यांच्या कॅटलॉगमध्ये रुळला तो युरोप-अमेरिकेत, आणि त्यात स्थलांतरितांचा मोठा वाटा आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे १९१७ मध्ये गिजिउ किताझावा नावाच्या जपानी माणसाने बियाण्यांची कंपनी काढली. गिऱ्हाईक कोण, तर घरची भाजी परदेशात मिळत नाही म्हणून हळहळणारी जपानी कुटुंबं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा हे दुकानही बंद पडलं. युद्ध संपल्यावर कुटुंबाने ते परत सुरू केलं, आणि आता गिऱ्हाईक देशभर विखुरलेलं असल्यामुळे बी टपालाने जाऊ लागलं. इंग्लंडमध्ये जॉय लार्ककॉम या बाईंचं 'ओरिएंटल व्हेजिटेबल्स' हे पुस्तक १९९१ साली आलं आणि हौशी इंग्रज बागायतदारांत पाक चोय, मिझुना वगैरे मंडळींना प्रतिष्ठा मिळाली. कोवळी पानं कापायची, सॅलडमध्ये कच्ची खायची, झाड परत फुटू द्यायचं, ही पद्धतही त्याच सुमाराची. गंमत म्हणजे ज्यांची ही भाजी, ते चिनी लोक परंपरेने पालेभाजी शिजवूनच खातात. आपणही तसेच. मुळ्याचा पाला, घोळ, कोथिंबीर असे थोडे अपवाद सोडले तर आपल्याकडे पानाला विस्तव दाखवल्याशिवाय ते ताटात येत नाही. याचं कारण चवीत कमी आणि पाण्यात जास्त आहे. त्या पाण्याकडे मी पुढे येतो.

म्हणजे आमच्या पाकिटातली शेवटची तीन पानं जन्माने आपलीच (किंवा निदान आपलीही), फक्त पासपोर्टवर नाव बदलून आलेली. ती किती जुनी आहेत ते बघायला मी चरकसंहितेचं भाषांतर उघडलं. सूत्रस्थानातल्या सत्ताविसाव्या अध्यायात खाण्यापिण्याच्या पदार्थांची यादी आहे आणि तिच्यात शाकांचा एक अख्खा वर्ग. त्यात 'तण्डुलीयक' आहे, म्हणजे आपला तांदुळजा, लाल माठाचा सख्खा भाऊ. 'उपोदिका' आहे, म्हणजे मायाळू. उपोदिकेची झिजत झिजत हिंदीत पोई झाली आणि बंगालीत पुई. दीड-दोन हजार वर्षं जुनं नाव आमच्या मंडईत अजून 'तांदुळजा घ्या तांदुळजा' म्हणून ओरडलं जातं. एवढी बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी मी कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेली नाही.

मग 'मलबार स्पिनच' हे नाव कुठून आलं? केरळातल्या डच गव्हर्नराकडे त्याचा एक धागा जातो. हेंड्रिक व्हान रेडे हा कोचीनचा डच अधिकारी. त्याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टुस मलाबारिकुस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेला. मायाळूचं शास्त्रीय नाव 'बासेला'. ते लिनियसने १७५३ मध्ये पक्कं केलं खरं, पण शब्द उचलला रेडेच्या ग्रंथातून आणि तिथे तो मलबारच्या बोलीतून आलेला होता. मराठी वाचकाने या ग्रंथात आणखी एका गोष्टीसाठी डोकवावं. रेडेला मदत करणाऱ्या वैद्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मणही. या तिघांनी दिलेलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलंय, भाषा कोंकणी. १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला आपली अक्षरं छापली गेली, आणि निमित्त झाडपाल्याचं!

नाळीच्या नावामागची गोष्ट मात्र याहून विलक्षण आहे. मला ती वाचून रात्री झोप लागेना.

१७६१ च्या जानेवारीत डेन्मार्कच्या राजाने सहा माणसांची एक मोहीम अरबस्तानात पाठवली. एक भाषापंडित, एक डॉक्टर, एक चित्रकार, एक नोकर, कार्स्टन नीबूर नावाचा नकाशे करणारा, आणि पेटर फोर्सकोल हा लिनियसचा शिष्य, वनस्पतींचा अभ्यासक. १७६२ च्या अखेरीला ते येमेनमध्ये पोचले. तिथे मलेरियाने गाठलं. मेमध्ये भाषापंडित गेला, जुलै १७६३ मध्ये फोर्सकोल. वय एकतीस. उरलेले चौघे जहाजाने मुंबईकडे निघाले तर वाटेत चित्रकार आणि नोकर दोघे समुद्रातच वारले. मुंबईत पोचल्यावर काही महिन्यांत डॉक्टरही गेला. उरला एकटा नीबूर. हा गडी मुंबईत वर्षभराहून जास्त राहिला, घारापुरीच्या लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली आणि मग इराण-तुर्कस्तानमार्गे १७६७ मध्ये कोपनहेगनला परत गेला. फोर्सकोलची टिपणं त्याने सांभाळून छापली ती १७७५ मध्ये. त्या पुस्तकात येमेनमध्ये पाहिलेल्या एका पाणवेलीचं वर्णन आहे आणि नाव दिलंय 'आयपोमिया ॲक्वाटिका'. हीच आमची नाळ.

या सगळ्यात मला चटका लावून गेला तो एक बारीक तपशील. १७६४ मध्ये नीबूर मुंबईहून समुद्रमार्गे सुरतेला जाऊन आला होता. मुंबई-सुरत म्हणजे वाटेत वसई, केळवे, माहीम, तारापूर, डहाणू. मेलेल्या मित्राचा शब्द शिल्लक ठेवणारा एकटा माणूस आमच्या किनाऱ्यावरून गेला, आणि किनाऱ्याआत वाडीच्या मागे बायका तीच वेल खुडत बसल्या असणार. त्या बायकांची नोंद मात्र कुणी ठेवली नाही.

इतिहासात पालेभाजीचं हेच तर दुखणं आहे. जे पीक मोजता येतं, ज्यावर सारा बसतो, ते कागदावर येतं. आमचा तालुका ब्रिटिश काळात पालघर नव्हे, माहीम म्हणून ओळखला जाई, आणि माहीम-केळव्याच्या बागायती, केळी, पानमळे यांना सरकारदरबारी मान होता, कारण बागायतीचा दर चढा. आजही सातबारा काढून बघा. बारा नंबरात भात येईल, नागली येईल, चिकू येईल. बांधावर उगवलेला टाकळा येणार नाही. कुंपणावरची वेलबोंडी येणार नाही. तळ्यातली नाळ तर नाहीच नाही.

मग ही पानं कागदावर कधी येतात? दुष्काळात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाणे जिल्ह्याचा खंड निघाला १८८२ मध्ये. चार वर्षांनी, १८८६ मध्ये, पंचविसावा खंड निघाला तो सगळा वनस्पतींवर. त्यातलं मोठं काम डॉ. जुझे कामिलु लिस्बोआ या मूळच्या गोव्याच्या, मुंबईत डॉक्टरी करणाऱ्या गृहस्थांचं. १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ तेव्हा ताजा होता, आणि या खंडात दुष्काळात लोक खातात अशा झाडपाल्याची वेगळी यादी केलेली आहे. आपल्या आज्या पावसाळाभर हौसेने खातात ती कितीतरी पानं सरकारच्या लेखी 'टंचाईतलं अन्न'.

याला फक्त साहेब जबाबदार नाही हां. आपल्या गोष्टींतही तेच आहे. शाकंभरी देवी अवतरते ती शंभर वर्षांच्या अवर्षणात, आणि स्वतःच्या देहातून भाज्या उगवून जगाला जगवते. द्रौपदीच्या थाळीला चिकटलेलं भाजीचं एक पान कृष्णाने खाल्लं तेही घरात अन्नाचा कण उरला नव्हता तेव्हाच. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा, तरोट्याची भाजी निघतेच. (तरोटा म्हणजे आमच्याकडचा टाकळा.) संकट सरलं की पान परत अदृश्य.

नाही म्हणायला एक नोंदवही अशी आहे की जी कुणी लिहिली नाही पण टिकली. ऋषिपंचमी. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा नेम. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं सगळं बाद. उरतं काय, तर परसातलं आणि रानातलं: अळू, माठ, भोपळ्याचा पाला, सुरण, पडवळ, दोडका. धार्मिक बाजू तुमची तुम्ही बघा. मला त्यात परसबागेची यादी दिसते, दर वर्षी एकदा रन होणारी आणि बायकांच्या तोंडी जपलेली. आमच्या आईची यादी वेगळी, शेजारच्या काकूंची वेगळी, पण माठ दोघींत आहे. गंमत अशी, की आपण उपासाला चालवून घेतो तो राजगिरा मेक्सिकोकडचा, साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद अमेरिकेचा आणि बटाटाही तिकडचाच. कोबी हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. आमचा तारापूर-माहीमचा किनारा १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकेपर्यंत पोर्तुगीजांकडेच होता, तेव्हा तो शब्द आमच्या वेशीवरून आत आला म्हणायला हरकत नाही. माठ मात्र इथलाच. पण उपासाला माठ चालत नाही. असो.

पावसाच्या तोंडावर कधी पालघर किंवा बोईसर स्टेशनबाहेर उतरलात तर आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसलेल्या दिसतील. शेवळं, आणि शेवळांची खाज मारायला लागणारी आंबट काकडं त्याच टोपलीत, वेगळी मागावी लागत नाहीत. पुढे टाकळा, कुरडू, लोत, फोडशी. ही फोडशी ज्या कुळातली त्याच कुळातली एक सफेद मुसळी, जिच्या शास्त्रीय नावातच 'बोरिवली' आहे, कारण १९५५ मध्ये फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी तिचं वर्णन केलं ते बोरिवलीच्या जंगलातल्या नमुन्यावरून. मुळ्यांना औषधी बाजार मिळाला आणि ती इतकी उपटली गेली की रानात दुर्मिळ झाली. नाव मिळणं हेही प्रत्येक वेळी भाग्याचंच असतं असं नाही.

आता पाण्याकडे येतो.

१९६९ मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. सत्तरच्या दशकात बोईसरला औद्योगिक वसाहत वाढू लागली: रंग, औषधं, रसायनं, पोलाद, कापड. माझे बाबा तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला लागले म्हणून आम्ही इथे आहोत, त्यामुळे मी फार नाक वर करून बोलू शकत नाही. आमच्या जुन्या चाळीमागे एक तळं होतं. खरं तर मोठं डबकंच, पण आम्ही तळं म्हणायचो. त्यात नाळ होती. आई आजोळच्या सवयीने दर पंधरा दिवसांनी खुडून आणायची. मी चौथीत असताना एका पावसाळ्यात त्या पाण्याला गुलाबी झाक आली. कुठल्या कारखान्याचं पाणी कुठून झिरपलं ते कधी कळलं नाही. मुलांना मौज वाटली. आणि पुढच्या उन्हाळ्यात नाळ आधीपेक्षा जोमाने आली. देठ करंगळीएवढे जाड.

भयंकर हेच, की ही वेल कुरकुरत नाही. घाण पाण्यात ती मस्त वाढते, पाण्यातले जड धातू शोषून पानात-देठात साठवते, आणि वरून तितकीच हिरवीगार दिसते. जगभर सांडपाणी शुद्ध करायला तिचा उपयोग करून बघतात तो याच गुणामुळे. अमेरिकेत तर ती जलमार्ग बुजवते म्हणून तिला उपद्रवी तणांच्या केंद्रीय यादीत घातलंय, परवान्याशिवाय इकडची तिकडे नेता येत नाही. कच्ची खाल्ली तर तिच्यावर चिकटलेल्या जंताच्या अळ्या पोटात जाऊ शकतात, तो वेगळाच प्रकार. आपले पूर्वज पानाला विस्तव का दाखवत होते ते इथे कळतं. पण विस्तवाने जंत मरतो, शिसं मरत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. देशात पहिला नंबर. बोर्डाच्या परीक्षेत असते तर पेढे वाटले असते. मच्छीमार समाजाच्या संघटनेने इथल्या सांडपाण्याविरुद्ध हरित लवादात दावा लावला आणि २०२२ मध्ये त्याचा निकालही लागला. मुंबईकरांनी फार हसू नये. लोकलच्या खिडकीतून रुळांलगत पालक, लाल माठ, मुळा यांचे हिरवे पट्टे दिसतात ना, त्यांची मुळं रेल्वेच्या 'अधिक धान्य पिकवा' योजनेत आहेत. रिकामी जागा कर्मचाऱ्यांनी पिकवावी हा हेतू चांगलाच होता, पण रुळांलगत पाणी म्हणजे बहुतेक ठिकाणी शेजारचा नाला.

आईने एक दिवस नाळ आणणं बंद केलं. कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण पालेभाजी कमी झाली म्हणून कुठला मुलगा चौकशी करतो? एवढी वर्षं तो विषय कधी निघाला नव्हता. या नोव्हेंबरात आम्ही दोघं बाल्कनीत टबात माती भरत होतो. पुडीतलं नाळीचं बी तिने आदल्या रात्री पाण्यात भिजत घातलं होतं. दाणा कडक असतो म्हणे, चोवीस तास लागतात. ती एकदम म्हणाली, "पाणी गुलाबी झाल्यावरही मी दोन-तीनदा आणली होती रे. मिठाच्या पाण्यात तीन वेळा धुतली. धुऊन जातं ना ते?"

वरची धूळ, फवारा धुऊन जातो. झाडाने मुळांतून ओढून घेतलेलं धुऊन जात नाही. हे मी तीन वीकेंड वाचून पक्कं करून बसलो होतो.

"बरंचसं जातं," मी म्हटलं. ती हा ब्लॉग वाचत नाही.

तर आता बाल्कनीचा अहवाल. बोईसरची थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंखा बंद करण्याइतकी. तेवढ्यात पाक चोय झकास आला. पेरल्यापासून साधारण पंचेचाळीस दिवसांत कापला, लसूण घालून मोठ्या आचेवर परतला, फोटो ग्रुपवर टाकला, बदाम मिळाले. त्याच धुंदीत फेब्रुवारीत दुसरी पेरणी केली ती मार्चच्या उन्हात पानं धरायच्या आधीच फुलावर आली. मी ती उपटून टाकणार होतो, पण आईने पिवळ्या फुलांसकट देठ खुडून भाजीत घातले. नंतर कळलं की चीनमध्ये अशा फुललेल्या देठांसाठीच जोपासलेली वेगळी भाजी आहे, चोय सम नावाची. मिझुनाबद्दल आईचं मत एका शब्दात: "गवत." जांभळ्या मोहरीची कोवळी पानं कच्ची खाल्ली की नाकात झिणझिण्या येतात, ती मला आवडली. बाबांना नाही.

उन्हाळा चढला तशी ही तिन्ही मंडळी संपली आणि उरलेल्या तिघांनी बाल्कनी ताब्यात घेतली. लाल माठाचं बी खसखशीसारखं बारीक; आईने ते वाळूत कालवून फेकलं, म्हणजे दाट पडत नाही. महिन्याभरात उपटायला तयार. वेलबोंडी ग्रिलवरून वरच्या मजल्याच्या दिशेने निघाली आहे, सोसायटीची नोटीस यायच्या आत भजी करून संपवायला हवी. नाळीसाठी भोक नसलेला टब लागतो. पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर डासांची पैदास. माती चिखलासारखी ओली राहिली की पुरे. पाणी नळाचं, म्हणजे सूर्या नदीचं. महिन्याभरात पहिली कापणी, दोन बोटं बुंधा ठेवून. दहा-बारा दिवसांत परत तेवढीच.

मे महिन्यात एका रविवारी आईने ती तिच्या पद्धतीने केली. कांदा, भरपूर लसूण, हिरवी मिरची, आणि मूठभर सुका जवळा भाजून. देठ आधी टाकायचे, पानं नंतर, झाकण ठेवायचं नाही. मी जेवता जेवता फोनवर तिला मलेशियातल्या कांगकुंग बलाचानचा फोटो दाखवला. तीच भाजी, तोच लसूण, तीच मिरची, आणि सुक्या जवळ्याच्या जागी कोळंबी आंबवून केलेला लगदा. हजारो किलोमीटरवर, एकमेकांना न विचारता, असं मी जरा भारावून सांगत होतो.

"मग? पाण्यातल्या भाजीला पाण्यातलंच लागतं," ती म्हणाली, आणि मला आणखी वाढली.

कापून उरलेले जून देठ तिने टाकले नव्हते. काचेच्या ग्लासात पाणी घालून खिडकीत ठेवले होते. तिसऱ्या दिवशी पेरापेराला पांढरी मुळं फुटली. त्यातले अर्धे तिने कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले, शेजारच्या काकूंना नेऊन द्यायला.

"आणि पाकिटाची किंमत सांगू नकोस त्यांना," दार लावता लावता आतून आवाज आला.